धातू गोठताना

ब्राँझ ओतणं हे संयमाचं काम आहे. शुद्ध तांबं १०८५ अंश सेल्सियसला गोठायला लागतं आणि त्याच तापमानाला गोठून मोकळं होतं. त्यात १० टक्के कथील घातलं, की गोठणं हजार अंशांच्या आसपास सुरू होतं आणि पार ८४३ अंशांपर्यंत रेंगाळतं. या दीडशे अंशांच्या पट्ट्यात धातू धड पातळ नसतो, धड घट्टही नसतो. त्याचं सगळं बरंवाईट इथेच ठरतं.

आधी तांबं जास्त असलेल्या स्फटिकांना फांद्या फुटतात. त्यांच्या फटींमध्ये कथिलाने भरलेला रस उरतो आणि कांब आकसायला लागली, की तो त्याच फटींतून बाहेरच्या अंगाला खेचला जातो. साच्यातून काढलेल्या कांबीवर पांढुरके, कडक थेंब उभे राहतात. ब्राँझला कथिलाचा घाम सुटला, असं आम्ही म्हणतो. वरचा घाम सोलून काढता येतो. आत अडकलेल्या कथिलाचं काय करणार? तिथे तांबं-कथिलाचं एक ठिसूळ संयुग तयार होतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते निळसर करड्या बेटांसारखं दिसतं आणि लाटताना कांब नेमकी त्या बेटांपासून चिरत जाते.

कथिलाला हलायला वेळच मिळाला नाही तर? फवारा ओतकाम ते करतं. वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठात प्रा. सिंगर यांनी ही पद्धत रुजवली आणि १९७०च्या दशकात जवळच्याच नीथ गावी तिचं कारखान्यातलं रूप घडलं. मुशीतला रस बारीक धारेने खाली सोडायचा आणि चहूबाजूंनी नायट्रोजनचे झोत मारून त्या धारेचे थेंब करायचे. बरेचसे थेंब मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान असतात. खाली फिरती तबकडी असते. बारीक थेंब वाटेतच गोठतात, मोठे पातळच पोचतात, मधले अर्धेमुर्धे. तबकडीवर आदळताना स्फटिकांच्या फांद्या मोडतात आणि त्या तुकड्यांचे गोल, बारीक दाणे होतात. कांब चढत जाते तशी तबकडी खाली सरकवायची, म्हणजे फवाऱ्यापासूनचं अंतर तेवढंच राहतं.

या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती खिडकीला लावलेली नजर. आत नायट्रोजनचा घोंगावणारा आवाज आणि नारिंगी धूसर फवारा असतो. त्याच्या मधोमध कांबीचा माथा फिरत असतो. त्या माथ्यावर ओलसर चकाकीचा पातळ थर टिकून राहायला हवा. चकाकी वाढून माथा डुचमळू लागला, तर रस कडेने उडतो आणि वायू आत कोंडतो. चकाकी मावळली, तर थेंब एकमेकांना चिकटत नाहीत आणि त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतात. तापमापक लावलेला असतोच, पण त्याच्या आणि माथ्याच्या मध्ये फवारा असतो. त्यामुळे आकड्याइतकाच मी डोळ्यावर भरवसा ठेवते. नव्याने येणाऱ्या मुलांनाही मी आधी खिडकीशी उभं करते, पडद्यावरचे आलेख नंतर दाखवते.

या गोल दाण्यांचा आणखी एक उपयोग आहे. १९७१ मध्ये एमआयटीत डेव्हिड स्पेन्सर नावाचा संशोधक विद्यार्थी मर्टन फ्लेमिंग्ज यांच्या हाताखाली कथील-शिशाच्या मिश्रधातूवर काम करत होता. गोठता गोठता धातू सतत ढवळत ठेवला, तर तो अर्धवट गोठलेला असूनही सहज वाहतो, असं त्याला आढळलं. चक्का भांड्यात ढिम्म उभा असतो आणि फेटायला लागलं की सैल होतो, तसंच काहीसं. फवाऱ्याने घडवलेल्या ब्राँझमध्ये दाणे मुळातच गोल असतात, ढवळायची गरजच उरत नाही. तुकडा विद्युतभट्टीत पुन्हा तापवून जवळपास निम्मा वितळवायचा. तरी तो स्वतःचा आकार धरून उभा राहतो आणि सुरीने कापता येतो. साच्यात दाबला, की शांतपणे कानाकोपरा भरतो, हवा ओढून घेत नाही.

ॲल्युमिनिअममध्ये हे तंत्र कारखान्यांपर्यंत गेलं, कारण तिथे काम साधारण ५८० अंशांवर उरकतं. तांब्याच्या मिश्रधातूंना नऊशेच्या वर जावं लागतं आणि तिथे पोलादी साचे नरम पडतात, तापण्या-थंडावण्याच्या चक्रात तडकतात. धातूही पारखून घ्यावा लागतो. ६०-४० पितळ अवघ्या पाचेक अंशांत गोठून जातं. एवढ्या अरुंद पट्ट्यात निम्मा धातू पातळ ठेवणं माझ्या मते व्यर्थ खटाटोप आहे. ब्राँझची जी रेंगाळण्याची सवय ओतकामात छळते, तीच इथे उपयोगी पडते.

साध्या बेअरिंगच्या बुशसाठी मात्र मी कुणाला फवाऱ्याचा सल्ला देणार नाही. नायट्रोजन महाग आहे, कांबीवर न बसलेल्या थेंबांची पूड होते आणि तबकडीलगतचा सच्छिद्र भाग कापून टाकावा लागतो. त्या कामाला गरगर फिरणाऱ्या साच्यातलं ओतकाम उत्तम. पण नायोबियम-कथिलाच्या अतिवाहक तारांसाठी सुमारे १५ टक्के कथिलाचं ब्राँझ लागतं. त्यात काही मायक्रॉन जाडीचे नायोबियमचे धागे असतात आणि तार ओढताना कथिलाचं एक ठिसूळ बेटही धागा तोडायला पुरतं. अशा कामासाठी फवाऱ्याचा सगळा खर्च रास्त आहे.