निकष

कुरुक्षेत्रावर द्रोणाचार्यांच्या हातून शस्त्र सुटले ते एका वार्तेमुळे. पुत्राच्या मृत्यूची बातमी खरी की खोटी, हे त्यांनी साक्षात धर्मराजाला विचारले होते. परंतु उत्तराचा अर्धाच भाग त्यांच्या कानी पडला. योद्ध्याच्या मनावर नेम धरणारे असत्य इतके पुरातन आहे.

आज ते हातातील फोनमधून येते. म्हैसूर जिल्ह्यातील बैलकुप्पे येथे १९६० च्या दशकारंभी तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली. अशा वसाहतींतील तरुण १९६२ च्या नोव्हेंबरात उभारलेल्या विशेष सीमा दलात भरती होत आले आहेत. दलाई लामांच्या कार्यालयातील संगणकांत हेरगिरीची यंत्रणा शिरल्याचे २००९ मध्ये उघड झाले. ती ओळखीच्या नावाने धाडलेल्या पत्रांच्या जोडपत्रांतून आली होती. पुढे तिबेटी कार्यकर्त्यांनी बौद्ध परिभाषेतच बजावले : जोडपत्रांची आसक्ती सोडा.

१५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात वीस भारतीय सैनिक धारातीर्थी पडले. चीनने आपले चार मृत मान्य केले ते थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये. मधल्या आठ महिन्यांच्या मौनात कितीतरी आकडे फिरले. ज्याला जो रुचला, तो त्याने खरा मानला. भयाची अफवा सैनिकाला खचवते. सुखाची अफवा त्याला गाफील करते, आणि तिच्याविषयी कोणाला संशयही येत नाही.

जुलै २०२० मध्ये भारतीय सेनेने जवानांना ८९ ॲप फोनवरून काढून टाकण्याचा आदेश दिला. तो आवश्यकच होता. परंतु बंदीची कक्षा जवानाच्या फोनपाशी संपते. गावाकडे आईच्या फोनवर येणारी वार्ता तिच्या पलीकडे राहते. तेथे विवेकाचाच पहारा हवा.

त्या विवेकाचे शिक्षण बैलकुप्पेच्या सेरा मठात नित्य चालते. प्रांगणात एक भिक्षू उभा राहून टाळीसरशी प्रश्न टाकतो. बसलेल्याने त्याला उत्तर द्यायचे आणि ते प्रतिप्रश्नांपुढे टिकवायचे. आठव्या शतकात तिबेटात गेलेल्या शांतरक्षिताच्या ‘तत्त्वसंग्रहा’त तर बुद्धवचनदेखील सोन्याप्रमाणे तापवून, कापून, कसाला लावून स्वीकारावे, केवळ आदरापोटी नव्हे, असा विचार आला आहे. जे वचन परमपूज्य, त्यालाही परीक्षेतून सूट नाही.

सैनिकी शिक्षणाने नेमके हेच उचलावे. शत्रूच्या शब्दावर संशय घेणे सोपे आहे. आपल्याला हवीहवीशी वाटणारी बातमी कसाला लावणे, हे खरे धैर्य. आणि ते धैर्य टिकावे म्हणून राज्यसंस्थेनेही आपल्या जवानांना व त्यांच्या घरच्यांना वेळेवर पूर्ण सत्य सांगितले पाहिजे. अर्ध्या सत्याने काय घडते, हे द्रोणपर्वाने सांगून ठेवले आहे.