सहाव्या वर्षीची दाढ

कृष्णाकाठच्या माणसाला गोडाचे वावडे असावे तरी कसे? साताऱ्याचे कंदी पेढे, सांगलीच्या पेठेतील गुळाच्या ढेपा, रेठऱ्यापासून सांगलीपर्यंत कारखान्यांची धुराडी आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे धावणारी पोरे! गोडाविरुद्ध लेखणी उचलण्याचा आमचा विचार नाही. लिहावयाचे आहे ते एका दाढेविषयी.

मूल सहा वर्षांचे झाले की दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ गुपचूप वर येते. ती कोणाचीही जागा घेत नाही, तिच्यासाठी एकही दात पडत नाही. त्यामुळे ती आल्याचे घरात कोणाला कळतही नाही. ही दाढ कायमची असते. पुढे ती काळी पडू लागली तरी आईवडील म्हणतात, ‘‘दुधाचाच दात, पडायचाच आहे.’’ पहिल्या कम्युनियनच्या शिकवणीला बसणाऱ्या कितीतरी मुलांच्या तोंडात ती किडलेली आम्ही पाहिली आहे. आयुष्यभर घास चावायचा ती दाढ आठव्या वर्षीच निकामी! आणि दुधाचे दात तरी उपेक्षेचे का असावेत? ते मागून येणाऱ्यांची जागा राखून ठेवतात. अकाली काढावे लागले तर शेजारचे कलतात आणि नवे वेडेवाकडे उगवतात.

कीड कशी लागते, हे एकदा समजून घेतलेले बरे. तोंडातले जंतू साखरेवर जगतात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लाने दातावरच्या कवचातील खनिज विरघळते. लाळ ते आम्ल निववते, झिजलेले थोडेफार भरूनही काढते. पण तिला त्यासाठी सुमारे अर्धा-पाऊण तास हवा असतो. आता आपल्या घरातला चहा मोजावा. उठल्यावर एक, न्याहारीला एक, पाहुणा आला की एक, तो उठताना ‘‘अजून अर्धा घ्या’’ म्हणून एक. आणि प्रत्येक वेळी बशीत थोडा लहानग्याला. लाळेला उसंत मिळावी कधी? स्वीडनमधील विपेहोम येथे १९४० च्या दशकात बौद्धिकदृष्ट्या अपंग रुग्णांना चिकट टॉफ्या खाऊ घालून याचा अभ्यास झाला. असहाय माणसांचे दात मुद्दाम किडू देणे हे पापच होते, असे आम्हाला वाटते. त्यातून दिसले ते असे, की जेवणाबरोबर खाल्लेल्या गोडाने दात फारसे किडले नाहीत. दोन जेवणांच्या मध्ये वरचेवर चघळलेल्या चिकट गोडाने मात्र दातांची धूळधाण केली. म्हणून पेढा खावा, पण जेवणाच्या पानावर. नाताळच्या कुस्वाराचे ताट दिवसभर उघडे ठेवू नये, इतकेच.

आमच्याकडील बायाबापड्यांचा भरवसा मात्र मशेरीवर. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, तिची पूड आणि तर्जनी. सकाळी, दुपारी, पुन्हा निजताना. ‘‘मशेरीनं दात किडत नाहीत,’’ असे आजी ठासून सांगते आणि कधीकधी नातीच्या बोटावरही चिमूटभर ठेवते. मशेरी म्हणजे तंबाखूच. तिने कीड थांबत नाही. हिरड्या मागे सरतात, दातांची मुळे उघडी पडतात, आणि तोंडाच्या कर्करोगाला दार उघडून दिले जाते. सवय सुटणे अवघड आहे, हे आम्ही जाणतो. आजीशी वाद घालण्यात अर्थ नाही, पण नातीचे बोट तेवढे वाचवावे.

कडुलिंबाच्या काडीला आमची हरकत नाही. तरी फ्लोराइड असलेल्या पेस्टचे काम काडीला जमत नाही. वेष्टनावर १००० पीपीएम किंवा अधिक असे लिहिलेले असावे. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी पुरते. घासून झाल्यावर थुंकावे, चूळ भरू नये, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकते. उगवती दाढ शेजारच्या दातांपेक्षा बुटकी असल्याने ब्रश तिच्यावरून नुसता सरकून जातो. तो गालाकडून आडवा धरावा लागतो. हे सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाताला साधत नाही, मोठ्यानेच बसून करावे. झोपेत लाळ आटते, म्हणून रात्रीचे घासणे अधिक मोलाचे. संध्याकाळची रोजरी संपली की ब्रश, आणि त्यानंतर फक्त पाणी, असा क्रम आमच्या घरी आहे.

दातदुखीच्या रुग्णांची आश्रयदाती संत अपोलोनिया. इ.स. २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रियात तिचे दात पाडून तिला छळले गेले. चिमट्यात दात धरलेली तिची चित्रे आढळतात. तिचा सण ९ फेब्रुवारीला, म्हणजे बहुधा उपवासकाळाच्या तोंडावर येतो. एका वर्षी त्याच निमित्ताने आमच्या घरी मधल्या वेळेच्या चहातील साखर चाळीस दिवस बंद झाली. पहिला आठवडा आजोबांनी कपाकडे दुःखी मुद्रेने पाहिले. ईस्टरच्या सकाळी पूर्वीसारखा गोड चहा पुढे आला तेव्हा त्यांनी एक घोट घेतला आणि सुनेला विचारले, ‘‘अगं, पाक केलास का?’’