विकणाऱ्याची सही

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम संपला, की तालमीच्या कट्ट्यावर हिशेबाची वही निघते. गेल्या वर्षी मे महिन्यात ती निघाली, तेव्हा आम्हांसही बोलावणे आले. खेळाशी आमचा संबंध प्रेक्षकाच्या जागेपलीकडे कधी गेला नाही. परंतु महाविद्यालयात इंग्रजी शिकविणाऱ्या मनुष्यास पत्रे लिहिता येतात असा आमच्या पेठेत एक समज आहे, आणि त्या दिवशी एक पत्र लिहावयाचे होते.

प्रकरण असे होते. शहरातील एका धनिक गृहस्थांनी तालमीचा संघ तीन हंगाम चालविण्याची तयारी दाखविली होती. खेळाडूंचे मानधन, बूट, पोशाख, बाहेरून आणावयाच्या दोघांचा खर्च, सारे ते सोसणार. मोबदल्यात तालमीच्या नावाआधी त्यांच्या पेढीचे नाव लागावे आणि संघनिवडीत त्यांचा शब्द अखेरचा असावा, एवढीच अपेक्षा. तरुण मंडळी हरखून गेली होती. त्यांतील एका वाणिज्य पदवीधराने आम्हांस 'फ्रँचाइझी' या शब्दाचा अर्थ समजावून दिला. जन्मभर आम्ही इतरांस शब्दार्थ सांगत आलो. तेव्हा ही परतफेड निमूटपणे स्वीकारली.

तथापि घरी आल्यावर एक शंका मनातून जाईना. संघ विकत घेणारा मनुष्य नेमके काय विकत घेतो? मैदान बहुधा भाड्याचे, खेळाडू कराराचे, आणि शहराचे नाव तर कोणाच्याच बापाचे नव्हे. उरतो तो स्पर्धेत उतरण्याचा हक्क, आणि सामने घरोघर दाखवून जे द्रव्य जमते त्यातील वाटा. आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क 48,390 कोटी रुपयांस गेले. हा आकडा वाचला म्हणजे पुढचे कोडे सुटते. 2008 मध्ये सर्वांत महाग ठरलेला मुंबईचा संघ 11 कोटी 19 लाख डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या साधारण साडेचारशे कोटी रुपयांस गेला होता. 2021 मध्ये लखनौच्या संघासाठी, जो तोवर एकही चेंडू खेळला नव्हता, 7,090 कोटी रुपये मोजले गेले. फलंदाजी तेवढ्या पटीने सुधारली असे कोणी म्हणणार नाही. वाढली ती पाहणाऱ्यांच्या डोळ्यांची किंमत.

पण ज्याची किंमत चढते त्याचे दिवाळेही निघू शकते, आणि त्याचा अनुभव आमच्या शेजारच्या पुण्याने दोनदा घेतला. सहारा समूहाने 2010 मध्ये पुण्याच्या क्रिकेट संघासाठी 37 कोटी डॉलरची बोली लाविली. शुल्काचा तंटा माजून 2013 मध्ये तो संघ संपला. फुटबॉलमध्ये एफसी पुणे सिटी 2014 साली उभा राहिला, 2019 साली पैशाच्या अडचणीत बुडाला, आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघास मिळाली. जे पुणेकर पाच वर्षे घसा कोरडा करीत होते, त्यांनी दुसऱ्या दिवशी कोणासाठी ओरडावे, हा प्रश्न कोणत्याच ताळेबंदात येत नाही.

आमच्या गावाचे नावही बाजारात गेले आहे. 2023 मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग निघाली, तेव्हा 'कोल्हापूर टस्कर्स' हा संघ पुण्याच्या पुनीत बालन समूहाने दहा कोटींहून अधिक बोली लावून घेतला. सामने झाले पुण्याजवळ गहुंज्यास. त्या संघाने हरावे अशी आमची मुळीच इच्छा नव्हती. परंतु तो हरला म्हणून पेठेत कोणी जेवणाचे ताट सारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

उलट शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले, की त्या रात्री किती घरांत चूल रुसते ते पाहावे. दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, या साऱ्यांची गोष्ट तीच. त्यांस पैसा शिवत नाही असे मात्र नव्हे. नायजेरियाचे खेळाडू येथे येऊन खेळून गेले. चांगला गडी एका तालमीतून 'फुटून' दुसरीत जातो. पुढारी निवडणुकीच्या वर्षी विशेष क्रीडाप्रेमी होतात. आणि संघ आपला आहे या भावनेस दगडफेकीचीही एक बाजू आहे. सामना अर्ध्यावर थांबलेला आम्ही पाहिला आहे, आणि शिक्षकास न शोभणारा एक शब्द त्या दिवशी आमच्याही तोंडून गेला होता. असो.

दुसऱ्या बैठकीत जुन्या वर्गणीची वही कोणीतरी काढली. तीत आमच्या वडिलांच्या नावापुढे दोन रुपये होते. खाली आणखी शंभर-सव्वाशे नावे. शिंपी, गवळी, कारकून, एक डॉक्टर. एक वृद्ध वस्ताद इतका वेळ भिंतीस टेकून गप्प होते. ते म्हणाले, "सर, इकायचं म्हंजे खाली इकणाऱ्याची सही लागंल न्हवं? ती कुणी करायची?"

अध्यक्षांनी चिटणिसांकडे पाहिले, चिटणिसांनी आमच्याकडे. सही करावयास कोणीच पुढे येईना. अखेर आम्ही पत्र लिहिले: पेढीचे नाव पोशाखाच्या पाठीवर घालू, संघनिवड मात्र तालमीचीच राहील. भाषा सभ्य उतरली होती, आणि ती वाचून दाखविताना आम्हांस थोडा अभिमानही वाटला. गृहस्थांनी तितक्याच सभ्यपणे नकार कळविला.

या हंगामात बाहेरचे दोघे आले नाहीत. डाव्या बगलेवर खेळणारा आमचा एकोणीस वर्षांचा पोर दुसऱ्या पेठेत गेला. जाण्यापूर्वी घरी येऊन पाया पडला आणि म्हणाला, "सर, तुमचं पत्र लई झ्याक हुतं म्हंत्यात. पर तितं मानधन हाय." वडील रिक्षा चालवितात; त्यास काय उत्तर द्यावे हे आम्हांस सुचले नाही.

त्यानेच मार्चमध्ये आमच्यावर गोल केला. चेंडू जाळीत गेला तेव्हा आमचे हात नकळत टाळीसाठी उठले. शेजारी वस्ताद बसले होते. त्यांनी आमच्या हातांकडे एकवार पाहिले, शेंगांची पुडी पुढे केली, आणि विचारले, "अजून किती मिनिटं हाईत?"