ओले प्लग

"मॅडम, तुम्ही चोक जास्त ओढता." हे वाक्य मला वर्षभर ऐकवलं गेलं. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. ज्या गाडीवर मी चालवायला शिकले, ती थंडीच्या सकाळी किती चोकला उठते हे मला झोपेतही सांगता येतं. पण गॅरेजवाल्यांनी एकदा ठरवलं की बाई गाडी चालवते, म्हणजे चूक बाईचीच. मग गाडीकडे बघायचं कारणच उरत नाही.

गाडी वडिलांची, प्रीमियर पद्मिनी, १९८९ चं मॉडेल. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. वडील गेल्यावर विकावी असं घरात सगळ्यांचं मत होतं, माझं नव्हतं. मी पुण्याला राहते आणि आईकडे वाईला जाणं-येणं असतं. गाडीचं काम एवढंच.

त्रास दोन होते. सकाळी सेल्फ जोरात फिरायचा, पण इंजिन उचलायचं नाही. बॅटरी दमेपर्यंत मारलं तर एखाद्या वेळी धुराचा लोट सोडून चालू व्हायचं. दुसरा त्रास जिवावरचा. खंबाटकी घाटाच्या चढाला गाडी आधी मिसिंग करायची, झटके द्यायची आणि बंद पडायची. मागून ट्रक, एसटी, भोंगे. कडेला घेऊन टायरमागे दगड लावायचा, बॉनेट उघडून थांबायचं. अर्ध्या तासानं काहीच झालं नाही अशी चालू व्हायची. गॅरेजला नेईपर्यंत तर इतकी सुरळीत पळायची, की तक्रार सांगताना माझाच आवाज खाली यायचा.

पहिलं निदान आलं व्हेपर लॉक. पद्मिनीवाल्यांना हे नवं नाही. इंजिनच्या उष्णतेनं पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. मुंबईचे टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे ते याचसाठी. मीही टाकायला लागले. गाडी चालू व्हायची, म्हणून निदानावर सगळ्यांचाच विश्वास बसला. पण फडकं ओलं करून, पंप गार होऊन, पुन्हा सेल्फ मारेपर्यंत पंपासोबत बाकीचं इंजिनही निवत होतं. मग चालू झाली ती नेमकी कशामुळे? हा प्रश्न कोणी विचारला नाही.

नंतर पंप बदलला. नंतर कार्ब्युरेटर खोलून किट टाकलं. त्यानं भागलं नाही तेव्हा अख्खा कार्ब्युरेटर नवा. मग पेट्रोलवर आलं, "आता इथेनॉल आहे, जुन्या गाड्यांचं असंच होणार." ही तक्रार अगदीच खोटी नाही. पेट्रोलमध्ये आधी १० टक्के आणि आता २० टक्के इथेनॉल आलं, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. मी नळ्या बदलून घेतल्या आणि त्या बदलायलाच हव्या होत्या असं आजही म्हणेन. पण गाडी घाटात बंद पडायची ती पडतच राहिली.

आता ओल्या प्लगांबद्दल. सकाळी चालू होत नाही म्हणून मेकॅनिक घरी यायचा, प्लग काढायचा आणि माझ्या डोळ्यांसमोर धरायचा. प्लग पेट्रोलनं ओलेचिंब, टोकं काळी. "बघा, ओव्हर झाली. चोक जास्त." यावर काय बोलणार? पुरावा समोरच होता. मग तो प्लग पुसायचा, डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं, झाकण उघडून आतला पॉइंट घासायचा आणि गाडी एका दमात उठायची. "पाहिलंत?" आणि मी पैसे द्यायची.

प्लग दोन कारणांनी ओला होतो. पेट्रोल जास्त आलं तर होतोच. पण पेट्रोल बरोबर आलं आणि ते पेटवायला करंट पुरेसा नसला, तरीही होतो. न जळलेलं पेट्रोल जाणार कुठे? एकाच ओल्या प्लगाचे दोन अर्थ निघत असताना त्यातला मला दोषी ठरवणाराच प्रत्येक वेळी निवडला गेला. आणि गाडी उठायची ती पॉइंट घासल्यामुळे. खरं काम तिथे होत होतं, श्रेय मिळत होतं प्लग पुसण्याला आणि उपदेश मिळत होता मला. पॉइंट इतक्या लवकर पुन्हा पुन्हा का जळतो हे एकानं जरी मनात आणलं असतं, तर नवा कार्ब्युरेटर लागलाच नसता.

शेवटी मामेभावाला फोन केला. आम्ही त्याला अप्पादादा म्हणतो. मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवण्यात त्याची उमर गेली. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "अगं, गार झालेल्या गाडीत काय सापडणार? बंद पडली की तिथल्या तिथे बघ. पेट्रोल येतंय का, करंट येतोय का. आधी पेट्रोल."

पुढच्या खेपेला भाचीला सोबत घेतलं. घाटात गाडी नेहमीच्या चढाला बंद पडली आणि त्या दिवशी मला पहिल्यांदाच बरं वाटलं. कार्ब्युरेटरला येणारी नळी काढून बाटलीत धरली, भाचीनं सेल्फ मारला. पेट्रोल उसळ्या मारत आलं. म्हणजे व्हेपर लॉक नाही, पंपही नाही. नळी परत घट्ट बसवली, सांडलेलं पुसून वाळू दिलं, बाटली लांब ठेवली. मग डेल्कोच्या झाकणातली मधली जाड वायर काढली, कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यात पकडली आणि तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून बोटाच्या अर्ध्या जाडीइतकं दूर धरलं. सेल्फ फिरला. ठिणगी आली, पण पिवळी, मरतुकडी, मध्येच गायब. चांगली ठिणगी निळसर असते आणि तिचा कट् कट् आवाज ऐकू येतो.

फोनवर अप्पादादानं विचारलं, "पॉइंट कसा दिसतोय?" एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा. "कंडेन्सर गेलाय," तो म्हणाला.

कंडेन्सर म्हणजे डेल्कोला स्क्रूनं लावलेली, बोटाच्या पेराएवढी डबी. पॉइंट उघडतो तेव्हा कॉइलचा प्रवाह एकदम तुटायला हवा, तरच १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात. कंडेन्सर गळका असेल तर प्रवाह पॉइंटवरच ठिणगी पाडत रेंगाळतो. पॉइंट जळतो आणि प्लगपर्यंत जोर पोहोचत नाही. डबी तापली की आतलं इन्सुलेशन दगा देतं, निवली की पुन्हा सावरतं. घाटातलं बंद पडणं आणि अर्ध्या तासानं उठणं, दोन्ही यात बसतं. सकाळी न उठणंही बसतं, कारण पॉइंट आदल्या फेरीत जळून गेलेला असायचा.

कंडेन्सर आणि पॉइंट दोन्ही बदलले. कार्ब्युरेटरच्या बिलापुढे हा खर्च किरकोळ. त्यातला नवा कंडेन्सर थोड्याच दिवसांत गेला, हल्ली मिळणारे असे निघतात. मग अप्पादादानं जपून ठेवलेला जुना पाठवला. त्यावर गाडी चालू आहे.

मेकॅनिकवर सगळा राग काढणंही मला पटत नाही. त्यांच्यासमोर गाडी कधी बंद पडलीच नाही. पॉइंट-कंडेन्सर असलेल्या गाड्या त्यांच्याकडे येतात तरी किती? मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. नव्या पोराला डेल्को उघडता येतो हेच पुष्कळ. पण हे सगळं मान्य करूनही, माहीत नसताना "माहीत नाही" म्हणायला काय हरकत होती? त्याऐवजी माझ्या चोक ओढण्यावर बोट ठेवणं सोपं पडलं.

जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी, विशेषतः बायकांनी, पार्ट बदलण्याआधी मेकॅनिकला एवढं जरूर विचारावं, की हा पार्ट गेलाय हे तुम्ही कशावरून ठरवलंत? कार्ब्युरेटरबद्दल मी नंतर जाऊन विचारलं. "जुना झालाच होता ना," असं उत्तर आलं. ते मला मान्य नाही. जुना कार्ब्युरेटर मी परत मागून आणला, साफ करून बसवला आणि आज गाडी त्याच्यावरच चालते.