प्रत्युत्तराचे मीठ

सडेतोड उत्तर ही मोठी मोहात पाडणारी वस्तू आहे. ते सुचले की आपण शहाणे आहोत असे माणसास क्षणभर वाटते. चारचौघांत त्याची वाहवा झाली की ती खात्रीच होते. आणि ज्यास ते दिले त्याचे पुढे काय झाले, याची चौकशी करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. आम्हांस ती या वर्षी करावी लागली. म्हणून हा लेखनप्रपंच.

येथे छत्रपती संभाजीनगरात, छावणीच्या बाजूस, आमचे एक जुने स्नेही राहतात. ते ख्रिस्ती आहेत, आणि जन्मभर शाळेत मराठी शिकवून आता निवृत्त झाले आहेत. गेल्या पावसाळ्यात एका लहानशा सभेत आम्ही बोलता बोलता म्हणून गेलो की, मराठीतील ख्रिस्ती वाङ्मय हे कुंडीतले झाड होय. त्याची मुळे या भुईत उतरलेलीच नाहीत. चौथ्या दिवशी स्नेह्यांचे पत्र आले. फादर स्टीफन्स यांचे १६१६ साली छापले गेलेले 'क्रिस्तपुराण' ओवीत आहे, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घरात बोलल्या जाणाऱ्या मराठीत आहेत; तेव्हा ही कुंडी तू कोणत्या बाजारात पाहिलीस, एवढेच त्यांनी विचारले होते. चार ओळींचे पत्र, पण पुरते झोंबणारे. आम्हीही हार खाणारे नव्हतो. त्यांचा मुद्दा बाजूस ठेवून त्यांच्या वाडवडिलांच्या धर्मांतरावर आणि मिशनच्या भाकरीवर घसरणारे एक वाक्य आम्हांस सुचले, ते आम्ही लिहिले, आणि पत्र टाकण्यापूर्वी दोघा-तिघांस वाचूनही दाखविले. ते पोट धरून हसले. छावणीतून मात्र उत्तर आले नाही.

वाट पाहण्याच्या त्या महिन्यांत, स्नेह्यांच्याच धर्मातील लेखकांनी तिखट उत्तराचे काय केले, हे पाहण्याची बुद्धी आम्हांस झाली. प्रथम हाती लागले ते गेल्या शतकाच्याही मागचे वादविवाद. १८३०च्या सुमारास मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांची झुंज झाली. १८५७च्या आरंभी समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी समोरासमोर उभे राहिले. उभय पक्षी उत्तरे चोख होती. मराठी गद्यास युक्तिवादाची तालीम या आखाड्यांतही मिळाली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांतील पुष्कळशी उत्तरे समोरच्यास नव्हतीच; ती भोवतालच्या गर्दीस होती. आमचे वाक्यही दोघा-तिघा हसणाऱ्यांस होते, हे येथे आमच्या ध्यानात आले.

मग आम्ही शुभवर्तमाने उघडली. येशूची उत्तरे मवाळ असतील अशी आमची समजूत होती. ती टिकली नाही. कराच्या प्रश्नावर पेचात धरू पाहणाऱ्यांकडून तो नाणेच मागून घेतो आणि त्यावरील मुखवटा कोणाचा, असे त्यांनाच विचारतो. महायाजकापुढे एक शिपाई थोबाडीत मारतो, तेव्हा तो गप्प राहत नाही. आपले काय चुकले ते सांग, नसेल तर मारलेस का, असा त्याचा सवाल आहे. पण याहून विलक्षण ती परदेशी बाईची कथा. मुलांची भाकर कुत्र्यांना घालणे बरे नव्हे, असे तो तिला म्हणतो. आणि मेजाखाली पडलेला चुरा कुत्र्यांनाही मिळतोच की, असे ती तडक ऐकविते. येथे उत्तराने जिंकली ती बाई. आणि मार्क लिहितो की, या बोलण्याबद्दलच तिची लेक बरी झाली. आपल्या प्रभूवर मात करणारे उत्तर ज्या ग्रंथाने जपून ठेवले, त्यास तिखटपणाचे वावडे आहे असे कोण म्हणेल?

संत पौलाने कलस्सैकरांस लिहिताना आपले बोलणे कृपायुक्त आणि मिठाने रुचकर असावे, असा उपदेश केला आहे. मिठाचा गुण आपल्याकडे गृहिणीस सांगावा लागत नाही. ते अन्नात पडले तर चव येते, जखमेवर पडले तर आग होते. मीठ तेच, जागा निराळी. खुद्द पौलासही एकदा जागा चुकली. तोंडावर मारण्याचा हुकूम देणाऱ्यास त्याने जळजळीत शब्द ऐकविले. पण तो महायाजक आहे असे कळताच ते बोलणे शास्त्राविरुद्ध गेल्याचे त्याने भर सभेत कबूल केले.

तथापि आमचे खरे डोळे उघडले ते पंडिता रमाबाईंच्या पत्रांनी. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या भगिनीसंघात राहिल्या, आणि त्याच वर्षी तेथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना, १८८५च्या सुमारास, भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांचे जोराचे खटके उडाले. रमाबाईंच्या शाकाहारात भगिनींस जातीचा अभिमान दिसला. एखादी इंग्रज बाई हिंदू लोकांत राहून आपल्या चालीरीती न सोडती, तर तिला गर्विष्ठ म्हटलेले कसे वाटले असते, असे रमाबाईंनी विचारले. क्रुसावरील लॅटिन अक्षरांवर वाद निघाला, तेव्हा आमच्या संस्कृतात असे काय उणे आहे, हा त्यांचा प्रश्न होता. पुरुषांना शिकविण्यास बिशपांनी हरकत घेतली. पुरुषांच्या सभांत व्याख्याने देत हिंदुस्थान फिरलेल्या या विदुषीने तीही मुकाट्याने ऐकून घेतली नाही. एका पुरोहितवर्गाचे जू महत्प्रयासाने मानेवरून उतरविले, ते दुसऱ्याचे घेण्यासाठी नव्हे, हा त्यांचा रोखठोक पवित्रा होता. आश्रयास राहिलेल्या, पंचविशीतल्या विधवेने आश्रयदात्यांस दिलेली ही उत्तरे आहेत.

आणि ही पत्रे ज्यांना लिहिली त्या भगिनींस रमाबाई कोणत्या नावाने हाक मारीत? 'आजीबाई'! इंग्रजी पत्रात हा मराठी शब्द पाहून आम्ही क्षणभर थबकलो. पुढची हकीकत तर अधिक बोलकी आहे. १८८६मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या, आणि त्याच वर्षी पाच वर्षांच्या मनोरमेस त्यांनी काही काळ परत याच आजीबाईंच्या स्वाधीन केले. भगिनी जेराल्डीन यांनीही आपल्या विरुद्ध जाणारी ती पत्रे फाडली नाहीत. जपून, जुळवून ठेवली. त्यांनी संकलित केलेला तो पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

तिखट उत्तराची कसोटी आम्हांस येथे सापडली. उत्तर किती लागले ही कसोटी नव्हे. ते दिल्यानंतर आपले लेकरू त्या माणसाच्या हवाली करता येईल काय, ही होय. रमाबाईंनी मताची गय केली नाही, पण आजीबाईंस आजीबाईच राहू दिले. आमच्याच जिल्ह्यातील पैठणचे नाथही हेच सांगून गेले आहेत. त्यांच्या 'हिंदु-तुर्क संवादा'त दोघे परस्परांच्या धर्माची यथेच्छ टवाळी करतात, आणि अखेरीस एकमेकांस आलिंगन देतात. आमच्या वाक्यानंतर आलिंगनास जागाच उरली नव्हती.

एका रविवारी सायंकाळी आम्ही छावणीत गेलो. दार स्नेह्यांनीच उघडले. बसल्यावर आम्ही सरळ सांगितले की, ते वाक्य आम्ही मागे घेतो; ते मुद्द्यास उत्तर नव्हते, माणसास दिलेला डाग होता. ते काही वेळ बोलले नाहीत. मग आत चहाची सूचना देऊन आले आणि खुर्ची पुढे ओढीत म्हणाले, "वाक्याचे राहू दे. पण त्या कुंडीचे काय? माझ्या प्रश्नाचे उत्तर तू अजून दिलेले नाहीस."

चहा दोनदा झाला. उत्तर आम्हांस त्या दिवशी देता आले नाही. पुढच्या रविवारी पुन्हा बोलावणे आहे.