कार्बनचं चाक, नायगावची पांदण

नांदेडहून देगलूरकडे निघालात की नायगाव लागतं. तिथं डांबर सोडा आणि सरळ पांदणीत घुसा. माउंटन बाईकला असा भन्नाट ट्रॅक शहरात मिळणार नाही! उन्हाळ्यात काळी माती भेगाळून टणक झालेली. मित्राची कार्बनची चाकं त्यावरून अशी पळाली, की पुढच्या बोनसमध्ये आपणही घ्यायचीच, असं ठरवून टाकलं. तेवढ्यात एक दगड आडवा आला. रिमला तडा!

बाजारातल्या सायकल दुकानात मामांनी तडा बोटानं चाचपला. आउट काढणं, तारा बदलणं हा त्यांचा रोजचा खेळ. "याला काय करावं बाप्पा? भंगारवालाबी घ्यायचा नाही."

खरंय. स्टील, ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरता येतं. कार्बनचे धागे इपॉक्सीत जखडलेले, आणि ते एकदा कडक झालं की वितळत नाही. भट्टीत तापवून धागे सुटे करता येतात, पण बहुतेकदा आखूड तुकड्यांत. मुळात ते बनवायलाच हजार अंशांवर भट्टी लागते. वजन हलकं, वीजबिल जड! तडा सांधणारे कारागीर असतात, पण नायगावात कुठले?

उरलेली पांदण मामांच्या जुन्या ॲटलसवर फिरलो. तिची रिम दोनदा बदललीय, जुन्या भंगारात विकून.

मित्राला अजून फोन केलेला नाही.