डब्यावरचा रंगीत त्रिकोण

स्थानिक प्रश्नावर विद्यार्थ्यांकडून काम करून घ्यायचे आणि त्या कामातून त्यांना जागतिक नागरिकत्व शिकवायचे, ही पद्धत कागदोपत्री आता चांगली रुळली आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांतल्या 4.7 या लक्ष्यात जागतिक नागरिकत्वाचा उल्लेख आहे, 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आहे. शाळेच्या दप्तरात मात्र ती ‘उपक्रम’ या सदरात जमा होते. प्रभातफेरी निघते, फलक रंगवले जातात, झाडू हातात दिलेल्या मुलांचा फोटो निघतो आणि अहवालाच्या शेवटच्या परिच्छेदात विश्वबंधुत्व येते. गावातले काम एका टोकाला आणि विश्वबंधुत्व दुसऱ्या टोकाला. मधले अंतर मुलाने स्वतः कसे तोडायचे, हा या कामातला सर्वांत चिवट प्रश्न आहे. गट पाडणे, तास मिळवणे, मुख्याध्यापकांची सही घेणे हे कुणालाही जमते.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत मांडल्या गेलेल्या नई तालीमचा गाभाच मुळी हाताचे काम आणि अभ्यास एकत्र बांधण्याचा होता. टकळीवरच्या सुतातून गणित, आणि कापसातून थेट मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंतचा इतिहास शिकवता यावा, अशी तिची रचना होती. पुढे शाळांत कार्यानुभव आला आणि त्याच्या तासाला कागदी फुले व काड्यापेट्यांचे पेनस्टँड तयार होऊ लागले. 1969 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांनी शोषखड्डे खणले, रस्ते केले. तो रस्ता इतकी वर्षे का झाला नव्हता, हे विचारण्याची सवय मात्र फारशी लावली नाही. त्यातल्या त्यात 1993 पासूनची राष्ट्रीय बालविज्ञान परिषद मूळ कल्पनेच्या जवळ जाते, कारण तिथे मुलांना परिसरातला प्रश्न उचलून त्याची मोजदाद करावी लागते. पण तिथेही जिल्ह्याच्या फेरीपर्यंत पोहोचलेला प्रकल्प पुष्कळदा मार्गदर्शक शिक्षकाच्या हस्ताक्षरातला असतो.

प्रश्न कोणी निवडला यावर पुढचे बरेच काही ठरते. रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे मुलांना वापरून घेणे, शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते सामील करणे यांना, ते सहभाग मानायलाच तयार नव्हते. आपल्याकडची प्रभातफेरी बहुतेकदा दुसऱ्या पायरीवर उभी असते. म्हणून सगळेच मुलांवर सोपवावे असेही नाही. आठवीच्या वर्गाला मोकळे सोडले तर फळ्यावर हमखास ‘प्लास्टिक’, ‘प्रदूषण’ आणि ‘व्यसनमुक्ती’ एवढेच येते, कारण बक्षिसे याच विषयांना मिळतात हे मुलांना पक्के ठाऊक असते. घरी कोण आजारी पडले, कशाने पडले, कुणाची मजुरी बुडाली, अशा साध्या चौकशीतून प्रश्न वर येऊ द्यावा लागतो.

यवतमाळसारख्या कापूसपट्ट्यात तो फवारणीचा येतो. 2017च्या हंगामात त्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20हून अधिक शेतकरी-मजूर दगावले आणि शेकडो जणांना उपचार घ्यावे लागले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती, त्यामुळे फवारा वरून अंगावरच येत होता. बोंडअळीच्या धास्तीने दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती, पंप जास्त दाबाचे होते आणि तोंडाला फार तर दुपट्टा. कारणे अशी एकात एक गुंतलेली असल्यामुळे हा विषय वर्गासाठी उत्तम आहे. एकाच कारणावर बोट ठेवून मुलांना पुढे जाता येत नाही.

कामाची सुरुवात कीटकनाशकाच्या डब्यापासून करावी, पण रिकामा डबा वर्गात आणू नये. मुलांना डबे गोळा करायला लावणारे उत्साही शिक्षक भेटतात. त्यांनी बिहारमधल्या गंडामन गावाची 2013ची घटना आठवावी. तिथे शाळेच्या दुपारच्या जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेल्याने 23 मुले मरण पावली. तेव्हा डबा नव्हे, लेबलाचा फोटो आणावा. त्यावर तिरपा ठेवलेला एक चौकोन असतो. त्याचा खालचा त्रिकोण रंगीत: लाल म्हणजे सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. कीटकनाशक नियम 1971 पासून हे चिन्ह सक्तीचे आहे. गावातल्या किती जणांना त्याचा अर्थ माहीत आहे, ही मुलांची पहिली मोजणी. हिरवा त्रिकोण पाहून ‘हे झाडासाठी चांगलं’ असे सांगणारा एखादा हमखास भेटतो आणि वर्ग हसतो. मग एखाद्या मुलीच्या लक्षात येते की आपल्या वडिलांनीही हेच सांगितले होते, आणि हसणे थांबते.

त्यानंतर माहितीपत्रक. बाटलीसोबत घडी घालून येणारा हा कागद एका विद्यार्थ्याने उभे राहून मोठ्याने वाचायचा. अक्षर इतके बारीक की खिडकीशी जावे लागते. मराठी मजकूर कुठे सुरू होतो ते शोधण्यातच काही मिनिटे जातात, आणि वाक्ये अशी की वाचणाऱ्याचा श्वास संपतो पण क्रियापद येत नाही. शेवटी उताऱ्याची ओळ असते. काही औषधांपुढे ॲट्रोपिनचे नाव असते, तर काहींपुढे विशिष्ट उतारा नाही, लक्षणांनुसार उपचार करावेत, अशा अर्थाचे वाक्य. शिक्षकाने इथे गप्प राहावे. ‘उतारा नाही तर विकतात कशाला?’ हा प्रश्न वर्गातून येतोच, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

कृतीचा भाग त्या मानाने सोपा असतो. माहितीपत्रकाचा मजकूर गावच्या बोलीत पाच-सहा वाक्यांत लिहून कृषी सेवा केंद्राबाहेर लावता येतो. विषबाधा झाली तर रुग्णासोबत बाटलीचे लेबल किंवा त्याचा फोटो दवाखान्यात न्यावा, ही एक सूचना सर्वांत उपयोगी ठरते, कारण काय फवारले होते हे कळल्याशिवाय डॉक्टरला उपचाराची दिशा मिळत नाही. हातमोजे, चष्मे, मास्क यांची मागणी 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडता येते. मुलांना तिथे मत नसते, पण आपल्या नोंदींची वही वाचून दाखवायला कुणी अडवत नाही. अडचण वेळापत्रकाची आहे. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते आणि फवारणी जुलैपासून सुरू होते. दिवाळीनंतर प्रकल्पाचे परिपत्रक येण्याची वाट पाहिली तर वेचणीच सुरू झालेली असते आणि निम्मा वर्ग आईबरोबर शेतात. दुसरी अडचण माणसांची. कृषी सेवा केंद्राचा मालक बहुधा शाळेला पंखे देणारा असतो, नाहीतर शाळा व्यवस्थापन समितीत असतो. त्याला आरोपी करून काम होत नाही. काय विचारले जाते आणि काय खपते हे गावात त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते, म्हणून मुलांनी त्याची मुलाखत आधी घ्यावी.

आता जगाकडे. इथे चुकण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही चांगले मळलेले आहेत. पहिल्यात जग येतच नाही. फलक लागला, फोटो निघाला, काम संपले. दुसऱ्यात ते पहिल्याच आठवड्यात येते. शिक्षक स्वतः वाचलेले सगळे सांगून टाकतो, मुलांना एक परदेशी खलनायक मिळतो आणि त्यानंतर कुणी लेबल वाचत नाही. जग कधी आणायचे याला तारीख नाही, खूण आहे. मुलांनी विचारलेला एखादा प्रश्न दुकानदार, कृषी सहायक आणि आरोग्य केंद्र या तिघांकडून उत्तराविना परत येतो, तेव्हा गावाची हद्द ओलांडायची वेळ झालेली असते. नकाशा त्याआधी उघडला की तो सजावटच राहतो.

‘विकतात कशाला’ हा असाच प्रश्न. त्याच्या मागे गेल्यावर डायफेन्थियुरॉनचे नाव लागते. यवतमाळात वापरल्या गेलेल्या औषधांपैकी हे एक. युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्ये त्याच्या वापराला परवानगी नाही, तरी स्वित्झर्लंडमधून ते बाहेर पाठवले जात होते. 2020 मध्ये यवतमाळच्या बाधितांची बाजू स्वित्झर्लंडमध्ये मांडली गेली, आणि 2021 पासून त्या देशाने डायफेन्थियुरॉनसह पाच कीटकनाशकांची निर्यात थांबवली. आपल्या तालुक्यातल्या माणसाचा अर्ज इतक्या दूरच्या देशात जाऊ शकतो, हे मुलांना औषध बनवणाऱ्या कंपनीच्या दोषापेक्षा जास्त नवल वाटणारे असते. दुसरा धागा कासारगोडचा. केरळातल्या त्या जिल्ह्यात काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. गावकऱ्यांच्या तक्रारींतून उभे राहिलेले प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 2011 मध्ये स्टॉकहोम कराराने त्या रसायनाला जागतिक बंदीच्या यादीत घातले. आफ्रिकेतल्या बेनिनमध्येही कापूस पिकवणारे शेतकरी याच एंडोसल्फानने दगावले होते. बेनिन नकाशावर शोधायला वर्गाला वेळ लागतो, पण सापडल्यावर तिथला शेतकरी अनोळखी राहत नाही. त्याच्याही पाठीवर पंप असतो.

एवढ्यावर थांबले तर मुलांना आपण जगाचे बळी आहोत एवढेच कळते, आणि ते अर्धेच शिक्षण. उरलेले अर्धे ओढ्याकाठी आहे. पंप कुठे धुतले जातात, ते पाणी खालच्या कोणत्या गावात जाते, तिथली जनावरे कुठे पितात, हे मुलांनी स्वतः पाहिले पाहिजे. वरच्या देशाने आपल्याशी जे केले ते आपण खालच्या गावाशी करतो, ही गोष्ट सांगून पटत नाही, ओढ्याच्या कडेने चालत गेले की पटते. बहुतेक प्रकल्प हा भाग गाळतात. ग्रामसभेत तो वाचून दाखवणे अवघड असते, त्यावर टाळ्या पडत नाहीत.

शहरी शाळांची पद्धत याच्या अगदी उलट आहे. मॉडेल युनायटेड नेशन्समध्ये कोट घातलेला विद्यार्थी स्वित्झर्लंडचा प्रतिनिधी होऊन उत्तम इंग्रजीत ठराव मांडतो. बोलण्याचे कौशल्य त्यातून येते, हे मान्य. पण ज्याने ठरावाच्या विषयाला कधी हात लावलेला नाही, त्याला नागरिक म्हणणे घाईचे होते. शहरातही काम होऊ शकते. तमिळनाडूतल्या तुत्तुकुडीच्या एका शाळेतल्या मुलींनी 2018 मध्ये खाऊची 20,000हून अधिक रिकामी पाकिटे जमवून उत्पादकांना परत पाठवली. त्या एका कृतीत कचरा कोणाचा, हा सगळा वाद आला होता.

या कामातल्या शिक्षकांची एक दुखरी जागा लपवण्यात अर्थ नाही. त्यांना मुलांपेक्षा प्रकल्प प्रिय होतो. विभागाच्या अधिकाऱ्यासमोर मुलाने अडखळावे, चुकीचा आकडा सांगावा, ‘आम्हाला उत्तर सापडलं नाही’ म्हणावे, हे सहन होत नाही. मग आदल्या संध्याकाळी पाठांतर होते. व्हॉट्सॲपचे गट आल्यापासून तर शेजारच्या केंद्रातल्या शाळेने काय टाकले हे पाहूनच फोटोची चौकट ठरते. मांडणी सुबक झाली की शिक्षकाचे नाव होते, आणि ते हवेसे वाटते. चांगल्या शिक्षकालाही वाटते, किंबहुना त्यालाच जास्त.

मूल्यमापनासाठी म्हणूनच अहवाल निरुपयोगी असतो. त्यापेक्षा प्रश्नांची वही ठेवावी: कोणत्या तारखेला कुणाला काय विचारले, काय उत्तर मिळाले, काय मिळाले नाही. पहिल्या पानांवर ‘मास्क का घालत नाही?’ असा माणसाला दोष देणारा प्रश्न असतो. मास्क घालून भर उन्हात पंप ओढता येत नाही हे कळल्यावर पुढच्या पानांवर तो बदलतो: उन्हात घालता येईल असा मास्क कुणी का केला नाही, मजुरी एकरावर का ठरते. गुण द्यायचेच तर या बदलाला द्यावेत.

ही वही वर्गाबरोबर शाळेबाहेर जाऊ नये. दहावीला प्रकल्प दिला तर मार्चमध्ये सगळे विखुरते. आठवीत सुरू केला तर तीच मुले आणखी दोन हंगाम गावात असतात, आणि नववीत गेल्यावर नव्या आठवीला वही वाचून दाखवतात. त्यात अनुत्तरित प्रश्नांखाली लाल रेघ असावी, म्हणजे जूनच्या अखेरीस काम कुठून धरायचे हे शोधावे लागत नाही.